कुत्र्याला पाण्याची ओळख

कामगार संघटनेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाने या व्यासपीठावरून कुत्र्यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण जो दुसऱ्याच्या हुकमाखाली राहतो आणि ज्याला आपली तक्रार शब्दांत मांडता येत नाही, त्याच्या बाजूने आमच्यासारख्यांनी बोलू नये तर कोणी बोलावे? शिवाय विषय वाटतो तितका चैनीचा नाही. उन्हाळा लागला की शहरातली मंडळी घरचे कुत्रे बरोबर घेऊन नदीवर, धरणाच्या पाण्यावर किंवा समुद्रकाठी जातात. गावाकडे ते धन्याच्या मागोमाग विहिरीवर, कालव्यावर आणि शेततळ्यावर जाते. यातले प्रत्येक पाणी निराळे आहे, आणि काही पाणी असे आहे की, उत्तम पोहणारे कुत्रेही त्यातून जिवंत बाहेर येत नाही.

आपल्याकडे एक समज घट्ट रुजलेला आहे. कुत्र्याला पोहणे शिकवावे लागत नाही, पाण्यात टाकले की ते आपोआप पोहते, असे सर्रास म्हटले जाते. या समजाच्या बुडाशी थोडेसे तथ्य आहे. पुष्कळ कुत्री अशी असतात की, त्यांना पाण्यावर नुसते अधांतरी धरले तरी ती पाय मारू लागतात. परंतु पाय मारणे वेगळे आणि पोहणे वेगळे. पोहणारे कुत्रे पाण्यात आडवे असते. नाक आणि डोके वर, पाठ पाण्याच्या पातळीशी, आणि पाय जमिनीवरच्या दुडक्या चालीसारखे आळीपाळीने चालत असतात. घाबरलेले नवखे कुत्रे मात्र पाण्यात उभे राहते. त्याचा मागचा भाग खाली जातो, पुढचे पाय पाण्याबाहेर येऊन फटाफट आपटू लागतात, पाणी नाकातोंडात उडते, आणि जितकी धडपड अधिक तितके ते एकाच जागी राहते. काठावरची मंडळी टाळ्या पिटून म्हणतात, पाहा कसे झोकात पोहते आहे! वस्तुतः ते त्या वेळी दमत असते, आणि दमल्यानंतर काय होते ते सांगावयास नको.

शरीराच्या ठेवणीचाही भाग आहे. बुलडॉगचे डोके जड, छाती भरलेली, मागचा भाग हलका आणि नाक आखूड. त्यामुळे पुष्कळ बुलडॉग पाण्यात तरंगूच शकत नाहीत. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे घराघरांत शिरलेला पग आणि आखूड पायांचा डॅशहुंड यांचीही स्थिती फारशी बरी नसते. आपल्याकडचे कारवान किंवा मुधोळ हे शिकारी कुत्रे जमिनीवर वाऱ्यासारखे धावते. परंतु अंगावर चरबी नसल्यामुळे ते गार पाण्यात लवकर गारठते. गल्लीतले साधे गावठी कुत्रे बहुधा चांगले पोहते, पण तेही प्रत्येक नव्हे.

ज्याला पाण्याचेच कुत्रे म्हणावे असा आपल्या शहरांतून दिसणारा वंश म्हणजे लॅब्रॅडोर. त्याचा इतिहास मला विशेष वाटतो, कारण तो मुळात श्रमिकांचा कुत्रा आहे. नाव लॅब्रॅडोर असले तरी त्याचे मूळ कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कॉड मासळी धरणाऱ्या कोळ्यांजवळ ‘सेंट जॉन्सचा पाणकुत्रा’ म्हणून ओळखली जाणारी काळी कुत्री असत. गळावरून निसटलेली मासळी पकडणे, दोराचे टोक तोंडात धरून पोहत काठावर आणणे, जाळे ओढण्यास हातभार लावणे ही त्यांची कामे. कॉडच्या व्यापारी जहाजांवरून ही कुत्री एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचली. माल्म्सबरीचे अर्ल आणि बक्ल्यूचे ड्यूक अशा उमरावांनी ती शिकारीत टिपलेले पक्षी उचलून आणण्यासाठी पाळली व वाढविली, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबाने या वंशाला मान्यता दिली. मूळचा पाणकुत्रा मात्र, मेंढ्यांच्या रक्षणासाठी न्यूफाउंडलंडमध्ये १८८५ साली झालेला कायदा आणि कुत्र्यांवरील जबर कर यांपायी कमी कमी होत गेला व विसाव्या शतकात नाहीसा झाला. उमरावांची नावे पुस्तकांत राहिली. ज्या कोळ्यांनी बर्फासारख्या गार पाण्यात हा कुत्रा घडविला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. असो. सांगावयाचे ते हे की, त्या कुत्र्यांच्या अंगावरचे दाट, तेलकट दुहेरी केस आणि सुकाणूसारखे जाड शेपूट ही त्यांना वंशाने मिळालेली देणगी. परंतु पाण्यातले काम ती धन्याबरोबर, थोरल्या कुत्र्यांच्या संगतीत रोज होडीवर राहूनच शिकत.

आता पिल्लाविषयी. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत त्याच्या मनाची दारे उघडी असतात. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या कोवळ्या काळाचे महत्त्व दाखविले आहे. या दिवसांत जे भेटते ते ओळखीचे होते. पुढे तेच परके व भीतीचे वाटते. म्हणून पाण्याची ओळख या वयातच व्हावी. पण येथे एक पेच आहे. याच वयात पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. पार्व्होसारखा रोग त्याला दोन दिवसांत लोळवू शकतो. नदीकाठची घाण, डबकी, इतर जनावरांची विष्ठा यांपासून त्याला दूरच ठेवले पाहिजे. मग करावयाचे काय?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. एक मोठी परात घ्यावी, ती घसरू नये म्हणून खाली गोणपाट घालावे, आणि तीत दोन बोटे कोमट पाणी ओतावे. पाण्यात भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे टाकावेत आणि आपण बाजूला बसावे. पिल्लू काठावरून वास घेईल, मान लांब करून तुकडा उचलील, मग एक पाय आत टाकील. त्याला उचलून आत ठेवू नये. आज एक पाय, उद्या चारही पाय, आठवड्याने परातीऐवजी घमेले आणि दोन बोटांऐवजी चार. लहान पिल्लाला अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून हा खेळ पाच मिनिटांत आटपावा आणि लगेच टॉवेलाने कोरडे करावे. इतके केले तरी पुढच्या वर्षीचे निम्मे काम झाले.

लसी पुऱ्या झाल्यावर, पशुवैद्याला विचारून, मोकळ्या पाण्याकडे वळावे. लसींत लेप्टोस्पायरोसिसची लस आहे की नाही, हे मुद्दाम विचारावे. हा रोग उंदरांच्या व इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पुरानंतर या रोगाने माणसांत कसा हाहाकार माजविला, ते तेथील चाळींतून ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. तो कुत्र्यालाही होतो, आणि कुत्र्यापासून घरच्या माणसांना होऊ शकतो. लस सुरुवातीला काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा व पुढे दरवर्षी द्यावी लागते. तसेच ज्या साचलेल्या पाण्यावर हिरवी-निळी साय धरल्यासारखा थर दिसतो, तेथे कुत्र्याला जिभेचे टोकही लावू देऊ नये. काही शेवाळांचे विष काही तासांत जीव घेते.

पहिल्या दिवसाची जागा उतरती, पायाखाली वाळू किंवा बारीक खडी असलेली, आणि ओढ नसलेली हवी. नदीचे पाणी पावसाळ्यात वर्ज्यच समजावे. कुत्र्याचे पोट भरलेले नसावे. गळ्यातला पट्टा व साखळी काढून छातीभोवतीचा पट्टा घालावा आणि त्याला पंधरा-वीस फूट हलकी दोरी लावावी. दोरी हाताला गुंडाळू नये. पाण्याला सरावलेले एखादे शांत कुत्रे बरोबर मिळाले तर शंभर उपदेशांचे काम ते एकटे करते. कारखान्यातही नवा पोरगा मुकादमाच्या आरडाओरड्याने शिकत नाही, शेजारच्या यंत्रावरच्या जुन्या कामगाराकडे पाहून शिकतो. तसे कुत्रे नसेल तर आपण स्वतः पाण्यात जावे आणि त्याला बोलवावे.

ढकलू मात्र नये. आपल्याकडे पूर्वी मुलांना पोहावयास शिकविताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधीत, आणि एखादा दांडगट मामा पोराला विहिरीत ढकलूनही देई. पण खाली पाण्यात कोण उभे आहे हे त्या पोराला ठाऊक असे, आणि रडून झाल्यावर त्याला समजूत घालता येई. कुत्र्याची समजूत कशी घालणार? ज्या हाताने रोज भाकरी मिळते त्याच हाताने घात केला, एवढेच त्याच्या मनात राहते. मग ते पाण्यालाच नव्हे, त्या हातालाही भिऊ लागते. भोपळा मात्र अवश्य घ्यावा. कुत्र्यांसाठी पाठीवर मूठ असलेली तरंगती जाकिटे आता मिळतात. पहिल्या काही दिवसांत जाकीट घालावे, आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला तर नेहमीच.

कुत्रे पोटापर्यंत पाण्यात निर्धास्त चालू लागले की एक-दोन पावले पुढे न्यावे. पाय सुटताच ते उभे होऊ पाहील. त्या वेळी आपण त्याच्या बाजूला असावे, समोर कदापि नव्हे. भेदरलेले कुत्रे समोरच्या माणसाच्या खांद्यावर चढते आणि दोघांनाही बुडविते. बाजूने तळहात पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढे लावून मागचा भाग उचलून धरावा. शरीर आडवे झाले की पुढच्या पायांचे फटकारे आपोआप थांबतात आणि ते पुढे सरकू लागते. हा क्षण आला की त्याला लगेच काठाकडे वळवावे. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटे पुष्कळ झाली.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. आत जाणे शिकविणारे पुष्कळ आहेत. बाहेर येणे शिकविणारे थोडे. पोहणारे कुत्रे बुडते ते बहुधा त्याला बाहेर येण्याची वाट सापडत नाही म्हणून. ते जवळच्या काठाकडे, किंवा जेथून पडले त्या जागेकडेच जाते, आणि चढता येत नसले तरी तेथेच नखांनी ओरबाडत राहते. पायऱ्या दहा हातांवर असतात, पण त्या तेथे आहेत हे त्याला कोणी दाखविलेले नसते. म्हणून पोहण्याच्या तलावात असो की पायऱ्यांच्या विहिरीत, पहिला धडा पायरीवरून सुरू करावा. कुत्र्याला पायरीवरच्या फूटभर पाण्यात उभे करून बाहेर बोलवावे व खाऊ द्यावा. मग दोन हात आतून, मग चार हात आतून, मग उजवीकडून, डावीकडून, पलीकडच्या भिंतीपासून. पायरीशी एखादे पांढरे फडके किंवा कुंडी खूण म्हणून ठेवावी. दहा-वीस वेळा असे झाले म्हणजे कोठूनही पडले तरी ते खुणेकडे वळते. आणखी एक गोष्ट घरच्या सर्वांना सांगून ठेवावी: कुत्रे पडलेले दिसले तर जेथे उभे आहात तेथून ओरडू नका, धावत पायऱ्यांपाशी जा आणि तेथून हाक मारा. ते आवाजाकडे येते. तुम्ही सरळ भिंतीवर उभे राहून हाका माराल तर ते त्या भिंतीखालीच दमून जाईल.

पायऱ्याच नसतील तर? आपल्या गावांतले कालवे तासलेल्या, शेवाळलेल्या बाजूंचे असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे प्लास्टिक अंथरलेली शेततळी. राज्यात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तीत तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल एवढ्या आकारापर्यंतची तळी होती. पाणी मुरू नये म्हणून अनेकांनी तळाला व बाजूंना प्लास्टिकचा कागद अंथरला. पाण्याच्या दृष्टीने ती सोय उत्तम. परंतु ओल्या प्लास्टिकच्या उतारावर ना कुत्र्याचे नख ठरते, ना माणसाचे पाऊल. अशा तळ्यांत माणसे आणि पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतो. कुत्र्यामागे उडी टाकणारा धनीही त्यात गेला आहे. तेव्हा उडी टाकू नये. दोर, ट्रकची हवा भरलेली ट्यूब किंवा लांब बांबू टाकावा.

उपाय महाग नाही. तळ्याभोवती कुंपण हवेच. त्याशिवाय काठावर भक्कम खुंट ठोकून त्याला दोर बांधावा, आणि त्या दोराला जुने टायर एकाखाली एक बांधून उतारावरून पाण्यात पार तळापर्यंत सोडावेत; पाणी उतरले तरी शेवटचा टायर पाण्यातच राहावा. टायरांवर काथ्याची जुनी चटई किंवा जाळे बांधले तर जनावराच्या पंजाला धर मिळतो. चारही बाजूंना अशी एकेक शिडी असावी, नाही तर निदान दोन समोरासमोर. राखणीच्या कुत्र्याला जाकीट घालून, दोरी लावून, या शिडीवरून पाच-सहा वेळा वर यावयास शिकवावे. शेतावर सालगडी असेल तर त्यालाही हे टायर कशासाठी आहेत ते दाखवून द्यावे. ती शिडी त्याच्याही कामाची आहे.

पोहून आलेल्या कुत्र्याची उस्तवार थोडक्यात सांगतो. समुद्राच्या पाण्यातून आले असेल तर गोड्या पाण्याने धुवावे, आणि खारे पाणी पिऊ नये म्हणून पिण्याचे पाणी घरून न्यावे. नाही तर ओकारी व जुलाब होतात. गोड्या पाण्यातही चेंडू पुनःपुन्हा फेकून आणावयास लावण्याचा अतिरेक करू नये. उघड्या तोंडाने चेंडू पकडताना ते इतके पाणी गिळते की रक्तातले मीठ पातळ होते. कुत्रे झोकांड्या खाऊ लागले, ओकू लागले किंवा सुस्त पडले तर तडक पशुवैद्याकडे न्यावे. लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान आतून हलक्या हाताने कोरडे करावेत. गार पाण्यात फार पोहलेल्या लॅब्रॅडोरचे शेपूट दुसऱ्या दिवशी मोडल्यासारखे लोंबू लागले तर बहुधा ते मोडलेले नसते. शेपटाचे स्नायू दुखावतात, विश्रांतीने चार-आठ दिवसांत बरे होतात, आणि तोवर त्याला पाण्यावर नेऊ नये; दुखणे फार दिसले तर मात्र पशुवैद्याला दाखवावे.