कलेवर पोट भरते काय?

“मुलगा चित्रे सुरेख काढतो हो, पण पुढे पोटाचे काय?” हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांतून आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. पूर्वी त्याचे आम्हांस हसू येई. आता येत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधावयास गावाबाहेर जाण्याचेही कारण नाही.

एके काळी येथे कलावंतांचा योगक्षेम होळकर दरबार पाहत असे. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ दरबारच्याच पदरी होते. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि एका धन्याच्या जागी अनेक लहान धनी आले: संगीतसभा, ध्वनिमुद्रिका, चित्रपट, आकाशवाणी. खाँसाहेब स्वतः ‘बैजू बावरा’ (1952) या चित्रपटासाठी गायिले. त्यांच्या विलंबित ख्यालाची धीमी चाल त्यामुळे तसूभरही ढळली नाही. इंदूरचे आकाशवाणी केंद्र 1955 मध्ये निघाले. आकाशवाणी कलावंतांची परीक्षा घेऊन श्रेणी ठरविते व श्रेणीप्रमाणे मानधन देते. परंतु असा कार्यक्रम रोज थोडाच मिळतो? बहुतेक गवयांची चूल पेटते ती शिकवण्यांवर.

चित्रकाराची अडचण याहून बिकट. चित्र आज विकले जाईल, नाही तर वर्षभर भिंतीशी टेकून राहील. वाण्याचे बिल मात्र महिन्याच्या महिन्यास येते. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या चित्रशाळेतील दोन विद्यार्थ्यांनी यातून आपापली वाट काढली. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले. लहान छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, त्याच चौकटी प्रचंड फलकावर वाढवून घ्यावयाच्या आणि शिडीवर चढून एकेक भरावयाची. मजुरी चौरस फुटामागे, तीही आण्यांत! पुढे त्यांनी खेळण्यांचे आराखडेही केले. त्यांच्या रेषेतील तो बेधडक वेग या फलकांवरच कमावलेला असावा, असे आम्हांस वाटते.

नारायण श्रीधर बेंद्रे यांनी नोकरीचा मार्ग धरिला. प्रथम काश्मीरच्या प्रवासी खात्यात ते चित्रकार होते. 1950 पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकविली. पगार दरमहा ठरलेला, आणि चित्रांसाठी वेळ उरेल तेवढाच. 1966 मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी ती नोकरी सोडली आणि मुंबईस जाऊन ते पूर्ण वेळ चित्रे काढू लागले.