निळ्या पेनाची दुरुस्ती

१९९१ साली मराठी शिकवायला घाटनांदूर स्टेशनवर उतरलो, तेव्हा बायकांची आत्मकथनं म्हणजे माझ्या लेखी एकच, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्यातला उतारा वाचायला घेतला की त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे टिळकांच्या, लहरीपणावर वर्ग खो खो हसायचा. लक्ष्मीबाईंची ती खुबीच. पण प्रश्नोत्तरं उतरवून झाली की फळ्याबरोबर बाईही पुसल्या जायच्या.

पुढे शाळेच्या कपाटात शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आलं. पुस्तक १९८६ चं, लेखिका स्वतः शिक्षिका. त्यावर 'नाजुका' ही मालिकाही दूरदर्शनवर होऊन गेली होती. चार दिवसांनी पुस्तक परत आलं ते मुखपृष्ठावर निळ्या पेनानं दुरुस्ती होऊन: 'माझ्या जन्माची'. नववीतल्या एका पोराचा उद्योग. रागवणार तरी कसा? त्याच्या वहीतले 'जल्म' आणि 'माज्या' वर्षभर लाल शाईनं मीच खोडत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी व्याकरण बाजूला ठेवून दोन पानं मोठ्यानं वाचली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही तर आमच्या आजीवानी बोलती!" तोवर माझी समजूत, की पोरांना या बायकांचं दुःख भिडेल. दुःखाचं त्यांना काय अप्रूप? कितीतरी जणांचे आईबाप मुकादमाची उचल फेडायला दरसाल ऊसतोडीला जाणारे. घरची बोली छापून येते, याचंच नवल जास्त.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'ही १९८६ चंच. त्यातल्या उपासमारीपेक्षा मुलींनी भलतंच धरून ठेवलं. फलटणच्या आपल्या दुकानात बसून बाईंनी लिहिलं आणि ते कागद वीसेक वर्षं नवऱ्यापासून लपवले. कुठं लपवले असतील, यावर अख्खा तास गेला. कणगीत, गोधडीच्या घडीत, पिठाच्या डब्यामागं. उत्तरं इतकी भराभर आली की पुढचं मी विचारलं नाही.

उर्मिला पवारांचं 'आयदान' आलं २००३ मध्ये. शब्द कोकणातला, वर्गात कुणाला ठाऊक नाही. बांबूच्या वस्तू म्हणताच दुरडी, डालगं, शिपतर, सूप असा फळा भरला.

'चित्तरकथा' मात्र एकदा फडावरही जाऊन आली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर निघालेल्या एका मुलीनं ती मागून नेली. परीक्षा बुडाली तिची. पाडव्याच्या सुमारास पुस्तक परत केलं, तेव्हा त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत नाव: 'माज्या जल्माची चित्तरकथा'.