प्राणहितेच्या अलीकडे-पलीकडे : फॅन्टसी हॉकीचे गुण, श्रेणी आणि गैरसमज

बेज्जूर मंडल २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते नव्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. प्राणहिता ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र, गडचिरोली जिल्हा. नदीच्या दोन्ही काठांवर तेलुगू आणि मराठी कानावर पडते आणि मोबाइलवरचे खेळही दोन्हीकडे तेच असतात. तरी जवळपास आठ वर्षं एका बाबतीत ही नदी म्हणजे पक्की सीमा होती. पैसे लावून फॅन्टसी संघ, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून निवडलेला आपला कागदी संघ, बांधायला गडचिरोलीच्या काठावर मुभा होती, बेज्जूरच्या काठावर बंदी. आज दोन्हीकडे बंदी आहे. हे का घडलं याबद्दल बरेच गैरसमज आहेत. खेळाडूंना मिळणाऱ्या गुणांबद्दल आणि हंगामाअखेरच्या ए-बी-सी श्रेणींबद्दल तर त्याहून जास्त आहेत. कायद्याचा गुंता आधी सोडवू, कारण त्यात लोकांचे पैसे अडकतात. मग निवांतपणे खेळाकडे वळू.

गैरसमज : कोर्टाने कौशल्याचा खेळ म्हटलंय, म्हणजे कुठेही चालतो.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम-११ या फॅन्टसी अ‍ॅपचा खेळ जुगार नसून कौशल्याचा असल्याचं म्हटलं, हे खरं आहे. पण या निकालांचा आधार काय होता? जुगारबंदीचे जुने कायदे कौशल्याच्या खेळांना सूट देत होते, म्हणून कौशल्य सिद्ध झालं की सूट मिळे. तेलंगणाने १९७४ च्या आपल्या गेमिंग कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती केली आणि ऑनलाइन पैशांच्या खेळांसाठी ही सूटच काढून घेतली. त्यामुळे मुंबईचा निकाल हातात असला तरी बेज्जूरमध्ये त्याचा उपयोग नव्हता. मोबाइलचं ठिकाण तेलंगणात दिसलं की पैशांच्या स्पर्धा उघडत नसत. त्या काळात ठिकाण बदलून दाखवणारी अ‍ॅप्स वापरायचे सल्ले गावोगाव फिरत. कायदा मोडायचा तो मोडायचाच, वर जिंकलेली रक्कम अडकली तर दाद मागायला तोंड उरत नसे.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजुरी आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती, इतक्या झपाट्याने. या कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ कसाही असो, तो बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केवळ खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा नाही. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. ड्रीम-११ ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून त्यांचं नावही उतरलं.

माझ्या मते हा निर्णय योग्यच झाला. बंदी आणताना सरकारने मांडलेला अंदाज असा होता, की वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक मिळून जवळपास २०,००० कोटी रुपये अशा खेळांत गमावतात. अंदाज थोडा बाजूला ठेवला, तरी हिशेब साधा आहे. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये टाकले आणि चालवणाऱ्याने पाच हजारांतून साडेसातशे कापून घेतले. शंभर जणांच्या वाट्याला मिळून सव्वाचार हजारच परत येणार. त्यातला मोठा हिस्सा वरच्या दोघा-तिघांना गेला, तर बाकीच्यांच्या हाती काय उरणार?

गैरसमज : म्हणजे फॅन्टसीच बेकायदा झाली.

नाही. प्रवेश फी नसेल आणि पैशांचं बक्षीस नसेल, तर संघ बांधा, गुण मोजा, मित्रांशी पैज न लावता वाद घाला. कायदा आड येत नाही. वहीत खेळलात तर इंटरनेटचीही गरज नाही. मुळात हा छंद वह्यांतूनच वाढला. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलची लीग बांधली, तेव्हा ते वर्तमानपत्रातले आकडे हाताने उतरवून घेत.

गैरसमज : परदेशातली फॅन्टसी हॉकी म्हणजे आपलीच हॉकी.

परदेशी याद्या पाहून आपल्याकडे अंदाज बांधणाऱ्यांची इथे फसगत होते. अमेरिका-कॅनडातली फॅन्टसी हॉकी बर्फावरच्या हॉकीची असते. बर्फावर एका बाजूचे सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि एनएचएलमध्ये अनेक वर्षं प्रत्येक संघाचे साखळीत ८२ सामने. आपल्या मैदानी हॉकीत अकरा जण, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. सर्वात मोठा फरक नोंदींचा आहे. बर्फावर एका गोलामागे दोघांपर्यंत पास देणाऱ्यांना अधिकृत श्रेय मिळतं, आणि खेळाडू मैदानात असताना बरोबरीच्या संख्येत संघाने गोल केला की अधिक एक, खाल्ला की उणे एक, असाही हिशेब वर्षानुवर्षं ठेवला जातो. आपल्या हॉकीच्या पारंपरिक सामनापत्रकात गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, मैदानी की पेनल्टी कॉर्नर की स्ट्रोक, आणि हिरवी-पिवळी-लाल कार्डं, एवढंच. खडकीच्या धनराज पिल्ले यांनी चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळल्या, पण त्यांच्या आंतरराष्ट्रीय गोलांचीसुद्धा नीट अधिकृत नोंद नाही. मग पास देणाऱ्यांचं काय झालं असेल?

गैरसमज : ज्याचे गुण जास्त, तो जास्त चांगला खेळला.

हा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात नुकसान करणारा समज. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. पुढची ४३ मिनिटं भारताने दहा जणांनिशी काढली. मनप्रीत सिंगसारखा मधल्या फळीचा खेळाडू मागे उतरून बचावात उभा राहिला, गोलरक्षक श्रीजेश गोलपोस्टसमोर भिंतीसारखा ठाकला, सामना १-१ राहिला आणि शूटआउट भारताने ४-२ असा जिंकला. आता यावर फॅन्टसीचे गुण लावून पाहा. समजा गोलाला १०, गोलरक्षकाच्या प्रत्येक बचावाला २. निर्धारित वेळेतला भारताचा एकमेव गोल हरमनप्रीतचा, त्याला १०. श्रीजेशला बचावांचे. आणि दहा जणांत मोकळ्या जागा बुजवत, ब्रिटनला वर्तुळाच्या कडेला ढकलत राहिलेल्या बाकीच्यांना? शून्य, किंवा नुसते मैदानात उतरल्याचे दोन-चार गुण. त्या दिवशी भारत जिंकला तो या शून्यवाल्यांमुळे, असं मी ठामपणे म्हणतो.

पेनल्टी कॉर्नरही असाच. गोलपोस्टपासून दहा मीटरवरून एक जण चेंडू आत ढकलतो, दुसरा तो वर्तुळाबाहेर थांबवतो, तिसरा ड्रॅग-फ्लिक मारतो. ढकलणाऱ्याचा चेंडू जरा उसळला किंवा थांबवणाऱ्याच्या स्टिकवर अडखळला, की समोरचा पहिला धावणारा बचावपटू अंगावर येऊन पोहोचतो आणि फ्लिक वाया जाते. तिघांचं काम, नाव एकाचं. ड्रॅग-फ्लिक मारणारे बरेचदा बचावपटू असतात, म्हणून फॅन्टसीच्या यादीत त्यांच्या रांगेत गुण भरघोस दिसतात, पण ते गुण त्यांनी केलेल्या बचावाचे नसतात. हॉकी इंडिया लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात सर्वाधिक १२ गोल करणारा जुगराज सिंग बचावपटूच. १ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलाच्या अंतिम सामन्यात त्याने हॅटट्रिक केली आणि हैदराबाद तूफान्स, म्हणजे बेज्जूरवाल्यांच्या राज्याचा संघ, बंगाल टायगर्सकडून ४-३ असा हरला.

नियम बदलला की गुणही बदलतात, याचा दाखला या लीगमध्येच आहे. २०१६ आणि २०१७ च्या हंगामांत मैदानी गोल दोन गोलांइतका धरला जाई. तेच खेळाडू, तोच खेळ, पण कॉर्नरवाल्याची किंमत एका नियमाने अर्धी झाली. २०२४ च्या अखेरीस लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा गोल पुन्हा एकच धरला गेला. गुणतक्ता बनवणाऱ्याने काय मोजायचं ठरवलं, ते गुणांमध्ये उतरतं. खेळाडूने काय केलं, ते त्यात अर्धवटच येतं.

गैरसमज : गुण जास्त म्हणजे तो गोलरक्षक भारी.

एका गोलरक्षकावर १२ फटके आले, त्याने ९ अडवले, ३ गोल खाल्ले. दुसऱ्यावर ३ आले, तिन्ही अडवले. वरच्याच हिशेबाने पहिल्याला १८ आणि दुसऱ्याला ६. पहिला कदाचित सामना हरला आहे. त्याला तिप्पट गुण मिळाले कारण त्याच्या पुढची बचावफळी ढासळली होती. गोलरक्षकाची श्रेणी लावताना आलेल्या फटक्यांतले किती टक्के अडवले, ते आधी पाहा. पहिल्याचे ७५ टक्के, दुसऱ्याचे १००. अर्थात तीन फटक्यांवरून दुसऱ्यालाही डोक्यावर घेऊ नका.

गैरसमज : हंगामाची श्रेणी म्हणजे पक्का निकाल.

हॉकी इंडिया लीगमध्ये २०२४-२५ ला पुरुषांच्या प्रत्येक संघाला साखळीत १० सामने मिळाले. महिलांचे संघ चारच होते, प्रत्येकी सहा साखळी सामने आणि पहिल्या दोघांत अंतिम सामना. इतक्या थोड्या सामन्यांत नशिबाचा वाटा किती असतो, ते आकड्यांनी पाहू. समजा एका फ्लिकरचं खरं कसब असं, की पाच फ्लिकांत एक गोल. हंगामात ३० फ्लिका मिळाल्या, तर सरासरी ६ गोल. पण संभाव्यतेचं गणित मांडलं, तर चारांतल्या जवळपास एका हंगामात त्याचे ३ किंवा कमी, नाहीतर ९ किंवा जास्त गोल होतील. मनगट तेच, सराव तोच. एका वर्षी त्याला 'सी' मिळेल, दुसऱ्या वर्षी 'ए', आणि पाहणारे म्हणतील, पोरगं सुधारलं.

रांचीत २६ जानेवारी २०२५ ला झालेल्या महिलांच्या पहिल्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ हरवलं. दोन्ही गोल सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळचे. एवढ्या मोठ्या सामन्यात असे गोल करायला लागणारं धैर्य कोणत्याही श्रेणीत मावत नाही. पण सात सामन्यांच्या हंगामात एकाच सामन्यातले दोन गोल हंगामाचं पूर्ण चित्र बदलून टाकतात. ऋतुजाबद्दलचं मत दोन-तीन हंगाम पाहून बनवावं, आणि गोलाशिवाय ती चेंडू किती वेळा परत मिळवते, तेही पाहावं.

गैरसमज : लिलावात महाग, म्हणजे फॅन्टसीत गुणांची खाण.

ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, आघाडीच्या अभिषेकला ७२, मधल्या फळीतल्या हार्दिक सिंगला ७० आणि गोंझालो पेइलाटसाठी तूफान्सने ६८ लाख मोजले. पेइलाटने २०१६ मध्ये अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २०२३ मध्ये जर्मनीकडून विश्वचषक, तो जगातल्या नामवंत ड्रॅग-फ्लिकरांपैकी एक. त्याची किंमत गोलांत दिसते. हार्दिकची दिसत नाही. प्रत्येक संघाकडे खेळाडू घ्यायला ४ कोटी होते आणि यूपी रुद्राजने त्यातला सहाव्या हिश्शाहून जास्त पैसा फार गोल न करणाऱ्या एका मधल्या फळीवाल्यावर घातला. प्रशिक्षकाला जे दिसतं, ते गुणतक्त्यात नाही. म्हणून फॅन्टसी संघाची श्रेणी लावताना खेळाडूचे नुसते गुण पाहू नयेत. तो कोणत्या किमतीला घेतला, आणि त्याच्या जागी सहज मिळाला असता त्या खेळाडूपेक्षा त्याने किती जास्त दिलं, हे पाहावं. ७८ लाखांच्या खेळाडूने शंभर गुण केले आणि १० लाखांच्या खेळाडूने ऐंशी, तर वरची श्रेणी दुसऱ्याची.

पुढच्या हंगामात बेज्जूर असो की नदीपलीकडची अहेरी, चार-पाच जणांनी मिळून फुकट संघ बांधा आणि गुणतक्ता स्वतः लिहा. त्यात चेंडू हिसकावून घेणं, वर्तुळात शिरणं, कॉर्नरला चेंडू नीट थांबवणं यांना गुण ठेवा. त्यासाठी सामना पूर्ण पाहावा लागेल, आणि पाहताना आजवर न दिसलेले खेळाडू दिसू लागतील. आणि कुणी पैसे भरून संघ लावायचा दुवा पाठवला, तर तो उघडू नका. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, उशीर न करता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा.