बस : उरलेल्या प्रत्ययाची गाडी

‘बस’ हा मुळात शब्दच नव्हे, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. लॅटिनमध्ये ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. इंग्रजांनी त्यातले ‘सर्व’ गाळून नुसते शेपूट ठेवले. 1820च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरी स्टॅनिस्लास बोद्रीच्या घोडागाडीला ‘ऑम्निबस’ हे नाव मिळाले. ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून ते आले, असेही सांगतात. पाटी खरी धरली, तरी तिच्यावरचा ‘ओम्नेस ऑम्निबस’ हा श्लेष लॅटिनचाच. ‘सर्वांसाठी’ ही नुसती जाहिरातबाजी, असे कुणी म्हणेल. पण 1662मध्ये फ्रेंच गणितज्ञ पास्कालच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये धावलेल्या भाड्याच्या गाड्यांत सैनिक, नोकर आणि मजुरांना चढायलाच मनाई होती. त्या तुलनेत हे नाव धाडसीच. अर्थात, 1829मध्ये जॉर्ज शिलिबीअरने लंडनला ऑम्निबस आणली, तेव्हा पूर्ण प्रवासाचे भाडे एक शिलिंग होते. मजुराला ते परवडणारे नव्हते.