दूरस्थ साथसंगत आणि तबल्याचे बोल

कोल्हापूरच्या देवल क्लबातील मैफलीत गायक आणि तबलावादक हाताभराच्या अंतरावर बसतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जात असल्याने एकाचा स्वर दुसऱ्याला जणू तत्क्षणीच ऐकू येतो. दहा मीटरांवर मात्र सुमारे 29 सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. त्यापलीकडे वादक एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय रेंगाळते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. त्यामुळे कोल्हापूर ते न्यूयॉर्क हा 12 हजारांहून अधिक किलोमीटरांचा एकेरी प्रवासच किमान 60 सहस्रांश घेतो. 2020च्या टाळेबंदीत गुरुशिष्यांना याचाच प्रत्यय आला: शिकवणी चालली, परंतु एकत्र गाणे साधेना.

यावरील एक उपाय म्हणजे ध्वनीऐवजी संकेत पाठविणे. 1978 साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ या वृंदातील संगणक एकमेकांना आकडे पुरवीत व त्यांवरून आपापले वादन बदलीत. मिहिर सरकार यांनी 2007 मध्ये एमआयटीत रचलेल्या ‘तबलानेट’मध्ये या तत्त्वाला भारतीय रूप लाभले. येथे संगणक आघात ओळखतो, त्याचा संकेत पलीकडे धाडतो आणि तेथील संगणक पुढील बोलांचे अनुमान करून ते वाजवितो.

असे अनुमान शक्य होते याचे कारण बोलांच्या भाषासदृश रचनेत आहे. ‘ता’ला डग्ग्याच्या घुमाऱ्याची जोड मिळाली की ‘धा’ होतो, ‘तिं’चा ‘धिं’ होतो; म्हणजे डग्ग्याचे अस्तित्व अघोष-घोष भेदाने व महाप्राणत्वाने सूचित होते. त्रितालाच्या खालीत ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येतो. कोणत्या बोलामागून कोणता यावा, यालाही नियम आहेत. अपुरे वाक्य श्रोता मनात पुरे करतो, त्याच न्यायाने साथीदार सम येण्यापूर्वीच तिचा वेध घेतो. यंत्राने उचललेली विद्या हीच होय.

तथापि भाषेचे नियम म्हणजे भाषण नव्हे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या नगरीत रुजली, तेथील श्रोत्याला अपेक्षित समेइतकीच तिच्याकडे नेणारी अनपेक्षित वाट प्रिय असते. नेमक्या त्या वळणावर अनुमान चुकते. तेव्हा पलीकडे ऐकू येते ते वादकाने वाजविलेले नव्हे, तर त्याने वाजविणे संभवनीय होते ते. दूरस्थ साथीचे मोल ठरविताना हा भेद दृष्टीआड होता कामा नये.