अतिभारारोपण : पेढीवरचा दोष

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगताना आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचीही गणना केली आहे. झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे, हे ते दोन दोष. आपण त्यांचा संबंध बैलाच्या पाठीशी जोडतो. परंतु सोलापुरातील चादर-टॉवेलच्या कारखान्यात वा कापड दुकानात राबणाऱ्या माणसालाही ते तितकेच लागू आहेत. कामाच्या ताणापासून माणसे जपण्यासाठी व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली केली आहे.

दिवाळीत व लग्नसराईत काम वाढणारच. म्हणून हंगामापूर्वीच कामाची वाटणी करावी, जादा माणसे घ्यावीत आणि जेवणाची सुट्टी कधीही मोडू नये. दिवाणजींच्या खतावणीत वारंवार चुका होऊ लागल्या, बोलका विक्रेता अबोल झाला, तर चारचौघांत खडसावू नये. एकांतात विचारावे, "ओझे जास्त होते आहे का?" होकार मिळाल्यास एक तरी काम त्याच दिवशी कमी करावे. झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास भरपगारी रजा द्यावी.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सेवकवर्गाचीही क्षमा मागतो. त्याच दिवशी प्रत्येकाच्या कामाचे ओझेही एकदा तपासून पाहावे.