‘दूध येत नाही’ म्हणण्याआधी तपासून पाहा



गेल्या पावसाळ्यात एका वस्तीत आम्ही गृहभेटीला गेलो होतो. पहिलटकरीण मुलगी, बाळ चार दिवसांचं. बाळ रडत होतं आणि आईही रडत होती. सासूबाई म्हणाल्या, “हिला दूधच येत नाही हो सिस्टर. डबा आणून ठेवलाय, आज सुरू करतो.” आम्ही विचारलं, “कालपासून बाळानं किती वेळा शू केली?” कोणी मोजलं नव्हतं. मग दोरीवर वाळत घातलेले लंगोट सगळ्यांनी मिळून मोजले. पाच निघाले. शी काळी होती, ती आता पिवळी होऊ लागली होती. म्हणजे दूध येत होतं! अडचण वेगळीच होती. बोंडांना चिरा पडल्या होत्या, म्हणून पाजताना ती पोर अंग चोरत होती आणि बाळाच्या तोंडात फक्त बोंडाचं टोक जात होतं. धरण्याची पद्धत बदलली, दोन दिवस रोज जाऊन पाहिलं. डबा न फोडता दुकानात परत गेला.

वस्तीत फिरताना ‘दूध येत नाही’ हे वाक्य आम्ही घरोघर ऐकतो. खरोखर दूध कमी असलेल्या आया असतात, पण त्या थोड्या. बहुतेक ठिकाणी दूध असतं, ते बाळापर्यंत नीट पोचत नसतं. तथागतांनी धम्माबद्दलसुद्धा ‘एहिपस्सिको’ म्हटलं, या आणि स्वतः पाहा. मग दुधाबद्दल आपण अंदाजानं का बोलायचं?

पुरतंय की नाही, मोजा

पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक येतो. तो चमचा-दोन चमचेच असतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. चीक पिळून टाकू नका. रोगाशी लढण्याची ताकद बाळाला त्यातूनच मिळते. दूध भरून यायला दुसरा ते पाचवा दिवस उजाडतो. तोवर मध, साखरपाणी, घुटी काहीही देऊ नका. मध तर वर्षाच्या आत बाळाला घातक ठरू शकतो.

पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, ती फिकट असेल, शी पिवळी असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, ते दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर यायला हवं. पुढे पहिले काही महिने दर महिन्याला किमान अर्धा किलो वाढ दिसली पाहिजे. बाळ रडतं म्हणजे भुकेलंच असतं असं नाही. त्याला उकडतं, पोटात गॅस होतो, किंवा नुसती आईची ऊब हवी असते. छाती मऊ पडली म्हणजे दूध आटलं, असंही नाही.

बाळ छातीला धरताना

निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात. पाठीला उशी किंवा भिंत घेऊन आरामात बसा. बाळाचं डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवा आणि त्याचं पोट तुमच्या पोटाला लागू द्या. वाकून छाती बाळाकडे नेऊ नका, बाळाला छातीकडे आणा. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लावा. त्यानं जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की लगेच जवळ घ्या. बोंडाभोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गिळण्याचा आवाज, या तीन खुणा पाहा. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा धरा.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. घड्याळ पाहू नका, बाळ हात चोखू लागलं, तोंड वळवू लागलं की घ्या. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध टिकवण्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे.

सिझर झालं असेल तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखालून धरा, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बोंड आत ओढलेलं असलं तरी घाबरू नका. बाळ बोंडाला नव्हे, छातीला धरतं. पाजण्याआधी बोंड बोटांनी हलकं बाहेर काढा. जमलं नाही तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवा.

चिरा, दाटलेली छाती, गाठ

चिरा पडल्या तर पाजणं बंद करू नका, धरणं सुधारा. कमी दुखणाऱ्या बाजूनं सुरुवात करा. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून हवेवर वाळू द्या. दर वेळी साबणानं धुऊ नका, कातडी कोरडी पडून चिरा वाढतात.

छाती दगडासारखी दाटली तर बाळाला बोंड पकडता येत नाही. पाजण्याआधी कोमट ओलं फडकं थोडा वेळ ठेवा आणि काळसर भाग मऊ होईल एवढंच दूध हातानं काढा. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन बोटं मागे धरून आधी छातीकडे दाबा, मग हलकं पिळा. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा, सूज उतरते. जोरात रगडून मालीश करू नका. त्यानं आतली सूज वाढते.

एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, ही दूध साकळल्याची लक्षणं. अशा वेळी ‘ताप आहे, बाळाला पाजू नको’ असं घरातून हमखास सांगितलं जातं. ते उलटं आहे. त्या बाजूनं पाजणं थांबवलं तर दूध आणखी साकळतं आणि पू होण्याची भीती वाढते. पाजत राहा, विश्रांती घ्या आणि चोवीस तासांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. डॉक्टर पाजताना चालतील अशाच गोळ्या देतात. दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात तो दिवस घालवू नका.

दूध कशानं वाढतं, कशानं घटतं

बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. एक वेळ बाटली दिली की छातीला तेवढा संदेश कमी जातो, दुसऱ्या दिवशी दूध तेवढं कमी बनतं आणि बाटली वाढते. असं करत करत खरोखरच दूध आटतं. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यातही नको. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा, पण दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजणं चालू ठेवा.

हळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर खा, ताकद येते. पण निव्वळ लाडवानं दूध येत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, मासे, मटण जे परवडेल ते पोटभर खा. ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ हे मानू नका. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो: मिश्री आणि तंबाखू सोडा. निकोटीन दुधातून बाळाला जातं आणि दूधही घटवतं.

डब्याच्या पावडरीचं वस्तीत काय होतं ते आम्ही पाहतो. डबा महाग, म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त. नळ दिवसातून तासभर, पाणी पिंपातलं, बाटली उकळायला गॅस पुरवायचा कसा? मग जुलाब आणि दवाखान्याची वारी. अशा पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. डॉक्टरांनी खरंच गरज म्हणून वरचं दूध सांगितलं तर ते द्यावं, त्यात आईचा गुन्हा नाही. मात्र बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा.

कामावर जाणाऱ्या आईसाठी

धुणीभांडी, झाडूकाम, बिगारी करणाऱ्या बायांना महिनाभरात कामावर जावं लागतं, हे आम्हाला माहीत आहे. निघण्याआधी आणि आल्या आल्या पाजा. हातानं दूध काढून उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात सावलीत ठेवा, चार तास चांगलं राहतं. ते तापवायचं नाही, हवं तर भांडं कोमट पाण्यात ठेवायचं.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या मातृत्व लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. आजच्या कायद्यानं दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी मिळाली पाहिजे. कंत्राटदारामार्फत काम करता, तरी हा हक्क आहे. मुकादमाला विचारा, एकटीनं नको, चार जणींनी मिळून विचारा. घरकाम करणाऱ्या भगिनी अजून या कायद्याबाहेर आहेत. ती लढाई बाकी आहे.

घरच्यांचं काम काय?

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला मावशीनं, महाप्रजापती गौतमीनं अंगावर पाजून वाढवलं. बाळ वाढवणं एकट्या आईवर सोडायचं नसतं, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. नवऱ्यानं पाणी भरावं, लंगोट धुवावेत, रात्री बाळाची ढेकर काढावी. सासूबाईंनी ‘तुला दूध नाही’ हा शब्द टाळावा. ताणानं पान्हा अडतो, धीरानं फुटतो. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या नाहीत तर बोलावून घ्या.

ताबडतोब दवाखान्यात न्या

बाळ ओढत नाही किंवा सुस्त पडतं, शू फार कमी होते, अंग तापतं किंवा गार पडतं, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, वजन उतरतच राहतं, तर थांबू नका. आईच्या छातीत पू झाल्यासारखं वाटलं तरी लगेच जा. आई दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तुमच्या गल्लीत नवी बाळंतीण असेल तर येत्या रविवारी विहारातून परतताना तिच्या दारात डोकवा. उपदेश नको. आधी दोरीवरचे लंगोट मोजा, मग तिला विचारा, “दुखतं का गं?”

जय भीम. नमो बुद्धाय.